वारा अनुकूल असताना शिडं आवरणं: रोमन संयमाची गोष्ट

सम्राट टायबेरियसच्या काळात रोममध्ये ॲपिशियस नावाचा एक नामांकित खवय्या होता. त्याने स्वयंपाकघरावर दहा कोटी सेस्टर्स उडवले. सेस्टर्स हे तेव्हाचं चलनी नाणं. कर्ज डोक्यावरून जायला लागलं तेव्हा त्याने पहिल्यांदाच हिशेबाच्या वह्या नीट बघितल्या. सगळ्यांची देणी चुकती केली तर हातात एक कोटी सेस्टर्स उरणार होते. एवढ्यात आपलं कसं भागायचं, आता उपासमारच, असं वाटून त्याने विष घेतलं.

एक कोटी म्हणजे किती? त्या काळी रोमन सैन्यातल्या साध्या शिपायाला वर्षाला 900 सेस्टर्स मिळत. अकरा हजार शिपायांचा वर्षाचा पगार ॲपिशियसच्या हातात शिल्लक होता, आणि त्याला ती कंगाली वाटली.

हा किस्सा रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने सांगितला आहे. इ.स. 41 मध्ये सम्राट क्लॉडियसने त्याला कोर्सिका बेटावर हद्दपार केलं. आईने आपली काळजी करू नये म्हणून त्याने तिथून तिला एक लांबलचक पत्र लिहिलं, त्यात हा ॲपिशियस येतो. पत्राचा सूर असा, की आई, माझं इथे फार थोड्यात भागतंय. ज्याचं भागत नाही त्याला कोटीही पुरत नाहीत.

संयम, सद्गुण आणि चांगलं जगणं यावर रोमन लोकांनी जे लिहून ठेवलंय ते नीतिपाठाच्या पुस्तकातून उचललेल्या सुभाषितांसारखं वाचलं की कंटाळवाणं वाटतं. ‘अति तेथे माती’ आपल्याला कुणी वेगळं शिकवायला नको. पण ही माणसं कोण होती, कुठल्या परिस्थितीत बोलत होती, हे कळलं की त्यातली गंमत आणि अडचण दोन्ही दिसायला लागतात. त्यांच्या लेखी संयम म्हणजे प्रत्येक गोष्ट निम्मी करणं नव्हतं. सगळं सोडून देणंही नव्हतं. आपल्याला नेमकं किती मानवतं आणि कधी थांबायचं, याचा अंदाज घेण्याचं ते कसब होतं. आणि ते शिकवणाऱ्यांपैकी बहुतेकांना स्वतःला ते पुरतं जमलेलं नव्हतं.

आधी कायदा करून पाहिला

रोमन माणूस मुळात कायद्याचा. तत्त्वज्ञानाच्या आधी त्याने हा प्रश्न कायद्याने सोडवून पाहिला. कार्थेजच्या हॅनिबल या सेनापतीने कॅनीच्या लढाईत रोमची धूळधाण उडवल्यानंतर, इ.स.पू. 215 मध्ये, बायकांनी अर्ध्या औंसाहून जास्त सोनं बाळगू नये असा नियम आला. रंगीबेरंगी कपडे आणि शहरात घोडागाडी यांवरही बंदी आली. युद्ध संपलं, नियम राहिला. शेवटी इ.स.पू. 195 मध्ये बायका रस्त्यावर उतरल्या, मतदानाला निघालेल्या पुरुषांना वाटेत अडवून जाब विचारायला लागल्या, आणि थोरल्या केटोसारख्या कडक माणसाने विरोध करूनही तो कायदा रद्द झाला.

त्याहून मजेदार प्रकरण इ.स.पू. 161 चं. फॅनियस हा त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांपैकी, म्हणजे सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी, एक. त्याच्या नावाच्या कायद्याने जेवणावळीच्या खर्चावर मर्यादा आली. ठरावीक सणांना शंभर आस, महिन्यातल्या दहा दिवसांना तीस, बाकी दिवशी दहा. आस म्हणजे काशाचं, कमी किमतीचं नाणं. पानात पक्षी असेल तर फक्त एक कोंबडी, तीही खुराक देऊन मुद्दाम लठ्ठ न केलेली. यावर खवय्यांनी काय करावं? थोरला प्लिनी हा रोमन लेखक सांगतो की कायद्यात कोंबडी म्हटलंय ना, मग लोकांनी कोंबडे पोसायला घेतले, दुधात भिजवलेला चारा घालून! पळवाट शोधण्याची कला कुठल्याही एका देशाची मक्तेदारी नाही.

त्याच वर्षी रोमच्या सिनेटने आणखी एक ठराव केला. तत्त्वज्ञ आणि वक्तृत्व शिकवणारे गुरुजी यांना शहराबाहेर घालवा. म्हणजे कुणी किती जेवावं हे सरकारने ठरवलं, आणि कसं जगावं याचा विचार करायला लावणाऱ्यांना हाकललं. पुढे दोनेकशे वर्षांत यातलं उलट झालं. कायदे कुणी मानेना, आणि तत्त्वज्ञ घरोघर पोचले.

सिसेरोचा मुलगा

इ.स.पू. 44 च्या शरद ऋतूत रोमचा नामांकित वक्ता आणि राजकारणी सिसेरो याने आपल्या मुलाला उद्देशून ‘कर्तव्यांविषयी’ हे पुस्तक लिहिलं. ज्युलियस सीझरचा खून होऊन काही महिनेच झाले होते. प्रजासत्ताक कोसळत होतं, सिसेरो सीझरचा साथीदार अँटनी याच्याविरुद्ध भाषणं लिहीत होता, आणि त्याचा 21 वर्षांचा मुलगा मार्कस अथेन्समध्ये तत्त्वज्ञान शिकत होता. निदान घरून पैसे तरी त्यासाठी जात होते. अभ्यासापेक्षा मौजमजा जास्त चालल्याच्या बातम्या रोमपर्यंत पोचल्या होत्या. वडिलांचा विश्वासू सचिव टायरो याला मार्कसने लिहिलेलं एक पत्र आज उपलब्ध आहे. झाल्या चुकांचा मला पश्चात्ताप होतो, आता मी पार सुधारलोय, असं त्यात आहे. आणि टिपणं उतरवून घ्यायला एक लेखनिक पाठवून द्या, अशी मागणीही आहे.

या मुलासाठी सिसेरो सद्गुणांचे चार भाग पाडतो: सत्य ओळखण्याची बुद्धी, न्याय, मनाचा मोठेपणा आणि चौथा संयम. ग्रीकांकडून आलेली ही विभागणी. तिच्यातला चौथा भाग सिसेरो ज्या तऱ्हेने समजावतो ती खास रोमन आहे. संयम त्याच्या लेखी दिसतो, ऐकू येतो. तो मुलाला रस्त्याने चालायचं कसं ते सांगतो. फार संथ, मिरवणुकीतल्यासारखं डुलत चालू नये. आणि इतक्या घाईने चालू नये की धाप लागते, चेहऱ्याचा रंग बदलतो, तोंड वेडंवाकडं होतं. कारण चेहरा असा पिळवटला की बघणाऱ्याला कळतं, या माणसाचा तोल ठिकाणावर नाही. विनोद करावा, पण माणूस आणि वेळ बघून. शिक्षा करावी, पण रागात नाही, कारण रागावलेल्या माणसाला जास्त आणि कमी यांच्यामधली जागा सापडत नाही. घर ऐसपैस असावं, पण घरामुळे मालकाला किंमत यावी असं नको, मालकामुळे घराला यावी.

मग प्रश्न येतो की ही ‘योग्य’ जागा ठरवायची कशी? सिसेरोचं उत्तर मला या सगळ्या लिखाणातलं सर्वांत उपयोगी वाटतं. तो म्हणतो, प्रत्येक माणसाला नाटकातल्या पात्रासारख्या चार भूमिका एकदम वठवायच्या असतात. पहिली, माणूस म्हणून सगळ्यांना सारखीच. दुसरी, आपल्या स्वतःच्या स्वभावाची. तिसरी परिस्थितीने अंगावर टाकलेली: कुठल्या घरात जन्मलो, पैसा आहे की नाही, काळ कसा आहे. चौथी आपण निवडलेल्या कामाची. या चारही एकमेकींशी जुळतील असं वागणं म्हणजे औचित्य. म्हणून एकाला जे शोभतं ते दुसऱ्याला शोभेलच असं नाही. धाकट्या केटोने (वर आलेल्या थोरल्या केटोचा हा पणतू) सीझरला शरण जाण्यापेक्षा मरण पत्करलं ते त्याच्या आयुष्यभराच्या ताठ स्वभावाला धरून होतं. त्याच परिस्थितीत मवाळ स्वभावाच्या दुसऱ्या कुणी तेच केलं असतं तर ते कदाचित चूक ठरलं असतं, असं सिसेरो सरळ लिहितो. मर्यादेची रेघ सगळ्यांसाठी एकाच जागी मारलेली नाही.

आता लिहिणाऱ्याकडे बघू. सिसेरोने रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर, श्रीमंतांच्या वस्तीत, 35 लाख सेस्टर्सना घर घेतलं होतं, तेही कर्ज काढून. आफ्रिकेतल्या एका दुर्मिळ सुगंधी लाकडाचं मेज त्याने पाच लाखांना घेतलं होतं. शंभरेक वर्षांनी प्लिनीच्या काळातही लोक त्या मेजाकडे बोट दाखवत. आणि तो सुधारलेला मुलगा? प्लिनीच्याच सांगण्यानुसार तो एका दमात दोन कॉन्जियस, म्हणजे साधारण साडेसहा लिटर वाइन पिण्याबद्दल प्रसिद्ध होता. एकदा प्यालेल्या अवस्थेत त्याने पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याचा उजवा हात असलेल्या आग्रिपावर पेला फेकून मारला. प्लिनीने त्यावर मारलेली कोपरखळी अशी: वडिलांचा खून अँटनीने करवला, आणि अँटनी पिण्यात अव्वल होता; तो मान तरी त्याच्याकडून हिसकावून घ्यावा असं पोराच्या मनात असेल.

होरेस, ढाल टाकून पळालेला

संयमाचा विषय निघाला की ज्याच्यापाशी सगळे येऊन थांबतात तो कवी होरेस. इ.स.पू. 65 चा जन्म, दक्षिण इटलीतल्या व्हेनुसिया गावचा. बाप आधी गुलाम, नंतर मुक्त झालेला. लिलावाच्या पैशांची वसुली करायचं काम करणारा. गावच्या शाळेत सैन्यातल्या बड्या अंमलदारांची दांडगी पोरं डाव्या हाताला दप्तर-पाटी लटकवून जायची. बापाने पोराला त्या शाळेत घातलं नाही. बेताच्या शेतीत भागवून तो मुलाला थेट रोमला घेऊन आला आणि गुरुजींकडे स्वतः सोबत जायचा. नीती शिकवायची त्याची पद्धतही साधी होती. येताजाता माणसं दाखवायची. तो बघ अमक्याचा मुलगा, बापजाद्यांचं सगळं उडवलं, आता कसे हाल चाललेत. तसा होऊ नकोस. कारणमीमांसा तुला पुढे पंडित सांगतील, मी तुझं नाव आणि आयुष्य सांभाळलं तरी माझं काम झालं, असं तो म्हणे.

अथेन्सला शिकायला गेलेला होरेस तिथे सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसच्या सैन्यात सामील झाला आणि इ.स.पू. 42 मध्ये फिलिपायच्या रणांगणावर हरणाऱ्या बाजूने उभा राहिला. तिथे ढाल टाकून पळालो हे त्याने पुढे एका कवितेत मजेत सांगितलंय. माफी मिळाली, पण घरची जमीन गेली. सरकारी खजिन्यात कारकुनी करत तो कविता लिहायला लागला. कवी व्हर्जिलने त्याची ओळख मेसेनसशी करून दिली. मेसेनस म्हणजे ऑगस्टसचा जवळचा सल्लागार आणि साहित्यिकांचा आश्रयदाता. त्याच्यामुळेच होरेसला रोमच्या ईशान्येला सबाइन डोंगरात छोटं शेत मिळालं.

म्हणजे हा माणूस दोन्ही टोकं बघून आलेला होता. एका पिढीत तीन-तीन यादवी युद्धं, काल आपल्या बाजूने असलेला आज फाशीच्या यादीत. अशा काळात ‘मध्य’ हा शब्द पुस्तकी राहत नाही.

त्याच्या पहिल्याच व्यंगकवितेत धान्य साठवणारा एक माणूस आहे. होरेस त्याला विचारतो, तुझ्या खळ्यावर लाखभर मापं मळली गेली म्हणून तुझ्या पोटात माझ्यापेक्षा जास्त मावणार आहे का? दुसरा एक जण झऱ्यावर ओंजळभर पाणी मिळत असताना मोठ्या नदीवरच भरायचं म्हणून औफिडसच्या काठावर जातो, आणि दरड कोसळून काठासकट वाहून जातो. ही औफिडस म्हणजे होरेसच्या गावाकडची नदी. तिचे पूर त्याने लहानपणी पाहिले असणार. मग तो कंजूष वैतागून विचारतो, मग काय, उधळ्यांसारखं जगू? होरेस म्हणतो, हेच तर! मी एक टोक सोड म्हटलं की तू लगेच दुसऱ्याकडे पळतोस. प्रत्येक गोष्टीला माप आहे, ठरलेल्या हद्दी आहेत. त्यांच्या अलीकडेही बरोबर असू शकत नाही आणि पलीकडेही.

हे ‘अलीकडे’ लोक विसरतात. संयम म्हटलं की आपल्याला फक्त उधळपट्टी आठवते. होरेसने चिक्कूपणालाही तेवढंच धुतलंय. त्याच्या एका कवितेत आविडिएनस नावाचा माणूस आहे, टोपणनाव ‘कुत्रा’. हा पाच वर्षांची जुनी ऑलिव्हं खातो. वाइन आंबेपर्यंत ओतायची नाही असा त्याचा दंडक. घरात वाढदिवस असो की लग्नानंतरची मेजवानी, स्वच्छ पांढरे कपडे घालून हा स्वतः शिंगातून कोबीवर थेंब-थेंब तेल घालतो, आणि तेलाला असा वास की जवळ बसवत नाही. सढळ हात फक्त एका बाबतीत, जुन्या व्हिनेगरच्या. साधेपणा आणि कळकटपणा यांच्यातला फरक एवढ्या नेमकेपणाने दुसऱ्या कुणी दाखवल्याचं मला आठवत नाही.

मग ती प्रसिद्ध कविता, लिसिनियसला उद्देशून लिहिलेली. मराठीत रुळलेला ‘सुवर्णमध्य’ तिथूनच जगभर पोचला. कवितेची सुरुवात समुद्रावर होते. लिसिनियस, सतत खोल समुद्रात नाव रेटू नकोस, आणि वादळाच्या भीतीने खडकाळ किनाऱ्याला घासूनही जाऊ नकोस. सुवर्णमध्य ज्याला आवडतो तो पडक्या छपराखाली राहत नाही, आणि ज्याचा हेवा वाटावा अशा वाड्यातही राहत नाही. उंच पाइनचं झाड वाऱ्याने जास्त हलतं, उंच मनोरा कोसळला तर मोठ्याने कोसळतो, वीज डोंगराच्या माथ्यावर पडते. शेवटच्या ओळींत तो सांगतो की अडचणीत सापडशील तेव्हा हिंमत धर. आणि वारा फारच अनुकूल होऊन शिडं फुगली की शहाणपणाने ती थोडी आवर.

इथे थोडं थांबायला हवं. शिडं आवरायची ती वादळात नाही. वादळात कुणीही आवरतो. सगळं मनासारखं चाललेलं असताना, वारा पाठीशी असताना आवरायची. आणि खोल समुद्र ‘सतत’ नको म्हटलंय; कधीच नको असं म्हटलेलं नाही. नावाडी दोन किनाऱ्यांमधलं अंतर मोजून बरोबर मध्यावरून नाव नेत नाही. वारा, प्रवाह, खडक बघून घडोघडी सुकाणू फिरवतो. होरेसचा मध्य असा हलता आहे.

हा लिसिनियस कोण? बहुतेक अभ्यासकांच्या मते तो लिसिनियस मुरेना, मेसेनसचा मेहुणा. त्याच्या तोंडाला लगाम नव्हता असं इतिहासकार डिओ सांगतो. एका खटल्यात तो आरोपीच्या बाजूने उभा होता, आणि खुद्द ऑगस्टस साक्षीला आला. मुरेनाने त्याला भर न्यायालयात विचारलं, तू इथे काय करतोयस, तुला बोलावलं कुणी? ऑगस्टस म्हणाला, लोकहिताने. होरेसचा कवितासंग्रह इ.स.पू. 23 मध्ये बाहेर आला. त्यानंतर थोड्याच काळात ऑगस्टसविरुद्धच्या कटात मुरेनाचं नाव आलं आणि तो मारला गेला. हे माहीत असताना ‘वीज डोंगराच्या माथ्यावर पडते’ ही ओळ वाचून बघा.

होरेसने स्वतः मात्र शिडं आवरली. ऑगस्टसने त्याला आपला खासगी सचिव व्हायला बोलावलं, त्याने नम्रपणे नकार दिला, आणि त्याचं डोकंही शाबूत राहिलं. मेसेनसचंही तसंच. पाच दिवसांत येतो म्हणून होरेस गावी गेला आणि अख्खा ऑगस्ट महिना फिरकला नाही. मेसेनस रुसला असावा. उत्तरादाखल होरेसने एक गोष्ट लिहून पाठवली. रोडावलेला कोल्हा बारीक फटीतून धान्याच्या कणगीत शिरला, खाऊन टम्म फुगला, आता बाहेर पडता येईना. मुंगूस म्हणालं, जसा आत आलास तसाच बारीक होऊन बाहेर पड. तात्पर्य होरेस स्वतःच काढतो: मला या गोष्टीवरून कुणी टोकलं, तर तू दिलेलं सगळं परत करायला तयार आहे. (कोल्हा कधी धान्य खातो का, या शंकेपोटी बेंटली या इंग्रज पंडिताने 1711 च्या आपल्या आवृत्तीत कोल्ह्याचा शेतातला उंदीर करून टाकला. विद्वानांनाही कुठे थांबावं कळत नाही.) आश्रयदात्याला असं लिहायला धाडस लागतं. मध्यममार्गी माणूस म्हणजे गुळमुळीत माणूस, हा समज या एका पत्राने मोडायला हरकत नाही.

सद्गुणाचंही अति होतं

होरेसचं आणखी एक विधान आहे, जे वाचून पहिल्यांदा दचकायला होतं. पुरेशापलीकडे जाऊन कुणी सद्गुणाचाच पिच्छा पुरवला, तर शहाण्याला वेडा म्हणावं आणि न्यायीला अन्यायी.

याचं उदाहरण रोमच्या इतिहासातच आहे. धाकटा केटो, प्रामाणिकपणाचा पुतळा. इ.स.पू. 61-60 च्या सुमाराला आशिया प्रांताचा करवसुलीचा ठेका घेतलेल्या व्यापाऱ्यांनी तक्रार केली की बोली फार चढी लागली, सूट द्या. मागणी निर्लज्जपणाची होती हे सिसेरोलाही मान्य होतं. पण हा श्रीमंत वर्ग सिनेटच्या बाजूने राहणं गरजेचं होतं, म्हणून द्यावी असं त्याचं मत. केटोने महिनोन्‌महिने अडवून धरलं. तत्त्व म्हणून तो बरोबर होता. परिणाम असा झाला की ते व्यापारी सिनेटपासून तुटले आणि पुढे सीझरने त्यांना हवी ती सूट देऊन आपल्याकडे वळवलं. त्या काळात सिसेरोने मित्राला वैतागून लिहिलंय की केटो मनाने चांगला आहे, पण तो असा बोलतो जणू आपण प्लेटोच्या आदर्श राज्यात राहतो, रोम्युलसच्या (म्हणजे रोमच्या दंतकथेतल्या संस्थापकाच्या) गाळात नाही.

सिसेरोचंच खरं, असं मी म्हणणार नाही. वेळ बघून तडजोड करत राहिलं की एक दिवस तडजोडीशिवाय काही उरत नाही, हेही त्याच्याच आयुष्यात दिसतं.

सोडणं सोपं, आवरणं अवघड

रोजच्या जगण्यात हे आणायचं कसं, यावर सेनेकाइतकं व्यवहारी कुणी लिहिलं नाही. उतारवयात मित्र लुसिलियसला लिहिलेल्या पत्रांपैकी अठरावं डिसेंबरातलं आहे. गावभर सॅटर्नेलिया सणाची धमाल चाललीय. सेनेका म्हणतो, काही दिवस ठरवून घे. सगळ्यात स्वस्त आणि थोडंसं खायचं, जाडंभरडं नेसायचं, आणि स्वतःला विचारायचं, मी घाबरत होतो ते हेच का? सैनिक शांततेच्या काळात कवायत करतो तशी ही गरिबीची तालीम. लगेच तो ताकीदही देतो की खेळ करू नकोस. श्रीमंत रोमन आपल्या वाड्यात ‘गरिबाची खोली’ म्हणून एक खोली करवून घेत आणि विलासाचा कंटाळा आला की तिथे जाऊन जेवत. एकादशी आणि दुप्पट खाशी, यातलाच तो प्रकार.

दुसऱ्या एका पत्रात तो तरुणपणीच्या आठवणी सांगतो. गुरूंची भाषणं ऐकून पेटलेल्या सेनेकाने कालवं आणि अळंबी सोडली ती कायमची. एक वर्ष मांसाहारही सोडला होता. पण टायबेरियसच्या राज्यात परदेशी पंथांवर बंदी येत होती, मांस न खाणं म्हणजे तशा पंथाची खूण असा संशय घेतला जाई, म्हणून वडिलांच्या सांगण्यावरून पुन्हा सुरू केला. मग तो एक गोष्ट कबूल करतो. ज्या गोष्टी पूर्ण सोडल्या त्या सुटल्या. ज्या पुन्हा सुरू झाल्या त्या बेताने चालल्यात, आणि बेताने चालवणं हे सोडून देण्यापेक्षा कदाचित जास्त कठीण आहे. काही गोष्टी मनातून कापून टाकता येतात, पण त्यांना आवर घालता येत नाही. सिगारेट सोडलेल्या कुणालाही विचारा. ‘दिवसाला दोनच’ हा पण किती दिवस टिकतो ते तो सांगेल.

रात्री दिवा नेला, बायको गप्प झाली (तिला त्याची सवय ठाऊक होती) की सेनेका अंथरुणात पडल्या पडल्या दिवसाचा हिशेब घ्यायचा. अमक्याशी वाद घालताना जास्त ताणलंस. तमक्याला सांगितलंस ते खरं होतं, पण त्याला ते ऐकवणार नाही हे तुला कळायला हवं होतं. स्वतःला शिव्या नाहीत, फक्त नोंद. आज एवढी माफी, उद्या परत करू नकोस.

आणि याच सेनेकाची संपत्ती तीस कोटी सेस्टर्स होती. कोर्सिकाहून परत आल्यावर तो पुढे सम्राट झालेल्या नीरोचा शिक्षक झाला, मग सल्लागार. सुइलियस नावाच्या विरोधकाने जाहीर विचारलं, असं कुठलं तत्त्वज्ञान आहे की ज्याने चार वर्षांत तीस कोटी जमतात? इतिहासकार टॅसिटसने हे नोंदवून ठेवलंय. सेनेकाने ‘सुखी जीवनाविषयी’ या पुस्तकात अशा टीकाकारांना उत्तर दिलं: मी ज्ञानी नाही, होणारही नाही, मी बोलतो ते सद्गुणाबद्दल, माझ्याबद्दल नाही. उत्तर प्रांजळ आहे. पुरेसं आहे का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला ते अर्धंच पटतं.

वाढणारे हात

या सगळ्यात एक गोष्ट खटकत राहते. होरेसचं ते ‘छोटं’ शेत आठ गुलाम कसत होते, शिवाय पाच कुळं होती. त्याचा मध्यममार्ग या माणसांच्या पाठीवर उभा होता. त्याला हे दिसत नव्हतं असंही नाही. त्याच्या एका कवितेत सॅटर्नेलियाच्या दिवशी, जेव्हा गुलामांना मोकळेपणाने बोलायची मुभा असे, दावस नावाचा त्याचा गुलाम त्यालाच सुनावतो. रोममध्ये असलास की खेड्याचे गोडवे गातोस, खेड्यात गेलास की शहर डोक्यावर घेतोस. जेवायला कुठे बोलावणं नसलं की घरची भाजीभाकरी केवढी सुखाची, आणि मेसेनसचा सांगावा आला की तेल आणा, दिवा आणा म्हणून आरडाओरडा करत धावतोस. मग आपल्या दोघांत गुलाम कोण? होरेस भडकतो. दगड कुठाय, बाण कुठायत! चालता हो, नाहीतर शेतावर नववा गडी म्हणून पाठवीन. ही कविता होरेसने स्वतः लिहिली, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण दावसला पळून जायला सबाइन डोंगरात शेत नव्हतं.

गुलामगिरी स्वतः भोगलेल्या माणसाचं बोलणं ऐकायचं तर एपिक्टेटसकडे जावं लागतं. तो ग्रीक बोलणारा, नीरोच्या सचिवाचा गुलाम, पुढे मुक्त झाला. सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हाकललं तेव्हा तो ग्रीसमधल्या निकोपोलिसला जाऊन शिकवायला लागला. मेजवानीत बसल्यासारखं जगा, असं तो सांगे. वाढप तुमच्यापर्यंत आलं की हात पुढे करून बेताने घ्या. पुढे गेलं तर धरून ठेवू नका. अजून आलं नसेल तर त्याच्यावर डोळा ठेवून बसू नका. बायको, मुलं, हुद्दा, पैसा, सगळ्याला हाच नियम. वाक्यं साधी आहेत, पण ज्याने आयुष्याची पहिली काही वर्षं त्या मेजवानीत वाढायचं काम केलं असेल, त्याच्या तोंडी ती वेगळी वाजतात.

त्याच्या घरातल्या देवांपाशी एक लोखंडी दिवा असायचा. एका रात्री तो चोरीला गेला. एपिक्टेटसने हिशेब केला: चोराला मोह झाला तो माझ्याकडे चांगला दिवा होता म्हणून, उद्या मातीचा आणू. आणला. एपिक्टेटस मेल्यानंतर तो मातीचा दिवा कुणीतरी तीन हजार द्राख्मांना विकत घेतला. व्यंगकार लुसियन लिहितो की रात्री त्या दिव्याच्या उजेडात वाचत बसलं तर एपिक्टेटसचं शहाणपण झोपेत आपोआप आपल्या अंगात येईल, अशी त्या गिऱ्हाइकाची समजूत असावी.